उलटे मोजे

३ जून

ही डायरी थे-उकनं दिली. मच्छीमार सोसायटीच्या बँकेनं नव्या वर्षाला फुकट वाटलेली, त्याच्याकडे जानेवारीपासून कोरीच पडून होती. म्हणाला, "आई, दा-सोमला जे जे बोलावंसं वाटेल ते आधी यात लिही. लिहून झाल्यावरही बोलावंसं वाटलं, तर मग बोल."

वा रे पोटचा पोरगा! बायको आली आणि आईच्या तोंडाला कुलूप घालायला वही घेऊन आला. बरं बाबा, लिहिते. माझ्या, म्हणजे या छे पिल-नामच्या जिभेला हाड नाही असं अख्खा मासळीबाजार म्हणतो, आता पेनालाही नाही म्हणेल.

तर पहिलं. गरोदरपणात कोंबडीचे पाय खाऊ नकोस म्हणून मी सुनेला सांगितलं होतं. पोटुशीनं कोंबडी खाल्ली की लेकराची कातडी बिघडते, हे आमच्या बुसानात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण बाईसाहेब पडल्या जोंजूच्या, त्यातून शाळेत मास्तरीण. ऐकतील कशाला! तिखटजाळ कोंबडीचे पाय घरी मागवून बोटं चाटत खाल्ले. आता माझ्या नातीच्या, आराच्या टाचांवर पाण्याचे फोड आलेत. पायच खाल्ले, पायांनाच आलं.

झालं. लिहिलं, बोलले नाही.

७ जून

आरा रांगायला लागली! आठ महिन्यांची माझी नात, खालचे दोन दात दाखवून हसते, आणि रांगत येते ती थेट माझ्याकडे. आईकडे नाही, बापाकडे नाही, माझ्याकडे. हे मी बोलले. एवढं बोललेलं चालतं.

पण संध्याकाळी बघितलं तर दोन्ही गुडघ्यांवर फोड. लाद्या गुळगुळीत, त्यावर चटई, तरी. गल्लीतला डॉक्टर म्हणाला, उष्णतेचे आहेत, मलम लावा. दा-सोमनं मलम लावलं आणि फोनवर काय काय वाचत बसली. तोंड पांढरंफटक. वाचू नये इतकं. वाचून कुणाचं भलं झालंय?

त्यातच मोज्यांची भानगड. वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करताना तिनं माझे सगळे मोजे सुलटे करून ठेवले. "आई, तुमचे सगळे उलटे होते, म्हणून म्हटलं…" अगं, उलटे होते कारण उलटेच घालायचे असतात! आमच्याकडे शिवण नेहमी बाहेर. माझी आई तशीच घालायची, तिचे वडील तसेच घालायचे. शिवण आत राहिली की ती नशिबाला टोचते, असं आजोबा म्हणायचे. सून हसली. हसू दे. मी बसून सगळे पुन्हा उलटे केले.

१२ जून

उन्हाळा लागला की माझ्या पायांचे हाल. दिवसभर माझ्या मासळीच्या टपरीवर रबरी बूट आणि खाली ओली फरशी. तळव्यांना नेहमीचे फोड आलेच. दर उन्हाळ्यात येतात, थंडीत जातात, आगंतुक पाहुण्यांसारखे. बूट करणाऱ्यांचं वाटोळं होवो. किती दुकानं बदलली, सगळे एकजात चोर.

आज शेजारच्या टपरीवरची बाई टेकली माझ्याजवळ. योंगदो बेटावरून आली म्हणून सगळे तिला योंगदोवालीच म्हणतात. तिच्या मनात काहीतरी होतं, कारण ती चक्क हळू बोलत होती.

"ताई, रागावू नकोस, पण एक सांगू?"

"रागावेन. सांग."

"तू जन्मभर हे कोमजांगो मासे जिवंत सोलत आलीस. डोकं खिळ्याला अडकवलं की सर्रकन कातडं खाली. आता नातीची कातडी निघतेय. मी आपलं म्हणते हं…"

त्यावर मी जे बोलले ते या वहीतसुद्धा लिहिण्यासारखं नाही. पण ती गेल्यावर सुरी चालेना. गिऱ्हाइकं खोळंबली. खरंच तसं असेल का? माझ्या हातांनी केलेलं त्या इवल्या पायांवर उतरलं असेल का? घरी आल्यावर आरा माझ्याकडे झेपावली तर मी हात मागे घेतले. पोर रडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१४ जून

आजपासून प्रत्येक कोमजांगोला सोलण्याआधी सांगते, "बाबा, माफ कर." एवढं म्हणायला काय जातंय!

कोमजांगो काही देखणा मासा नव्हे. आंधळा, सापासारखा लांबडा, तोंड म्हणजे नुसतं भोक. डिवचला की असा चिकटा सोडतो की बादलीभर पाण्याची खळ होते. त्याची माफी मागायची म्हणजे कठीणच. आज एका दाढीवाल्या गिऱ्हाइकानं विचारलं, "मावशी, माशाशी बोलता?" म्हटलं, "हो, तो तुझ्यापेक्षा शहाणा आहे, मध्ये बोलत नाही." तो हसून हसून दोन ताटं जास्त खाऊन गेला.

१९ जून

आज मोठ्या दवाखान्यात गेलो, सगळी वरात. कातडीची डॉक्टर प्यो नावाची, केसांना पिवळी क्लिप, दिसायला कॉलेजातली पोरगी. मला "आजी" म्हणाली. म्हटलं, "आजी मी हिची. तुझी नव्हे." तर हसून म्हणाली, "बरं आजी."

आराच्या टाचेच्या कडेला तिनं बोट हलकंसं फिरवलं, गल्लीतल्या डॉक्टरचा कागद वाचला, मग विचारलं, "घरात आणखी कुणाला असे फोड येतात? आई, बाबा, आजी, आजोबा?"

दा-सोम म्हणाली, माहेरी कुणालाच नाही. मी तर खडसावूनच सांगितलं, "आमच्या घराण्यात कातडीचं दुखणं औषधालाही नाही. ह्यांच्या घराण्यातही नाही, ते समुद्रात गेले ते धडधाकट गेले. माझ्याकडे बघा, कुठे सुरकुती तरी दिसतेय का?" डॉक्टरनं "कुणाला नाही" असं लिहून घेतलं.

मग तिनं समजावलं. मला अर्ध्याहून जास्त कळलं, कारण तिनं माझा धंदा विचारला आणि कोमजांगो म्हटल्यावर खुर्चीतल्या खुर्चीत उडालीच.

"आजी, मग तुम्हाला सांगायला सोपं! तो चिकटा बोटावर घेऊन ओढलात तर काय होतं?"

"लांबच लांब ताणला जातो. मेला तुटत नाही. माझा जन्म गेला तो धुण्यात."

"त्यात केसाहून कितीतरी बारीक धागे असतात, म्हणून तुटत नाही. तशाच जातकुळीचे धागे आपल्या कातडीच्या प्रत्येक पेशीत असतात. पेशी म्हणजे पाण्यानं भरलेली पिशवी समजा. आत या धाग्यांचं जाळं असतं, म्हणून ती ओढली, दाबली, घासली तरी फुटत नाही. पेशीत बारीक धागे असतात, जाड असतात, आणि हे मधले. बारीक आणि जाड धागे सारखी बांधाबांध, मोडामोड करत असतात. मधल्यांचं मुख्य काम एकच, ताण सोसायचा."

म्हटलं, "मधले ना? मग बरोबर. आम्ही पाच भावंडं, मी मधली. सगळा ताण माझ्यावरच."

थे-उकनं कपाळाला हात लावला. डॉक्टर मात्र खदखदून हसली, मग हळूहळू गंभीर झाली. म्हणाली, कातडीतल्या धाग्याला केराटिन म्हणतात. दोन वेगवेगळे पेड एकमेकांत वळतात तेव्हा त्याचा दोर होतो. एखादा पेड बनवायच्या, शरीरात लिहिलेल्या कृतीत जन्मतःच एक अक्षर चुकलेलं असलं, तर तो कच्चा पेड सगळ्या दोरांत मिसळतो. मग जरा घासलं की कातडीच्या तळच्या पेशी फुटतात, मध्ये पाणी भरतं, तोच फोड. याच कुळातले धागे स्नायूत असतात, हृदयात असतात, पेशीच्या गाभ्याभोवतीसुद्धा असतात. तिथे चूक झाली तर तिथली दुखणी होतात.

"पण आराचं यातलंच आहे असं अजून म्हणता येत नाही," ती म्हणाली. "कधी धागे ठीक असतात आणि कातडी जिथे खाली चिकटते तो सांधाच कच्चा असतो. ते जास्त खोल दुखणं. व्रण राहतात, बोटं आखडू शकतात. म्हणून रक्त आणि कातडीचा कण तपासू. काही आठवडे लागतील."

दा-सोमनं एवढंच ऐकलं, बोटं आखडतात. बाकीचं सगळं तिच्या कानावरून गेलं. गाडीत ती आराची बोटं एकेक उघडून बघत होती. मला काहीतरी बोलावंसं वाटलं. चांगलंच बोलायचं होतं, पण सुचलं नाही.

माझ्या माशांचा यात काही हात नाही, हे मात्र डॉक्टरला विचारून घेतलं. ती म्हणाली, "मासे बिचारे निर्दोष आहेत आणि तुम्हीही." योंगदोवालीला भर बाजारात मोठ्यानं ऐकवणार आहे.

२६ जून

सून जेवत नाही. शाळेतून रजा काढून घरीच आहे. दवाखान्यातून मिळालेला कागद भिंतीला लावलाय आणि तसंच्या तसं करते. पोरीला काखेत धरून उचलायचं नाही, खाली हात घालून उचलायचं. गार ठेवायचं. कपडे उलटे घालायचे, शिवण बाहेर. मला आराला पाठीला बांधून बाजारात मिरवायची होती, सगळ्या टपऱ्यांवर दाखवायची होती. झोळीसुद्धा शिवून ठेवलीय. दा-सोम म्हणाली, "आई, नको. मांड्यांना घासेल."

सागरशेवाळाचं सूप केलं तिच्यासाठी, बाळंतिणीला करतात तसं. समोर ठेवलं आणि म्हटलं, "खा. उपाशी राहून कुणाचे फोड बसलेत?"

ती म्हणाली, "आई, ती चालायला लागेल ना हो?"

म्हटलं, "चालेल म्हणजे? धावेल! नाव समुद्राचं ठेवलंय, बसून राहणारेय का?"

तिनं चमचा उचलला आणि सूप पिता पिता रडली. मी वळून भांडी घासत बसले. धुतलेलीच होती.

४ जुलै

आज फार वाईट झालं.

दा-सोम औषधं आणायला गेली होती. आराच्या तळपायाला मोठा टपोरा फोड आला होता, पाय टेकला की कळवळायची. मला बघवेना. माझी आई करायची तेच मी केलं. सुई ज्योतीवर धरली, काळा दोरा ओवला, फोडाच्या कडेनं घातला, दोन टोकं बाहेर ठेवून कापला. पाणी दोऱ्यावरून उतरतं, फोड बसतो, दुखत नाही. आमच्याकडे सगळे असंच करतात, फौजेत पोरंही असंच करतात. आरा लगेच शांत झाली, हसली, माझं नाक धरलं.

दा-सोम आली, तिनं तो दोरा बघितला.

"हे काय आहे? आई, हे काय आहे?"

"अगं, त्यानं पाणी…"

"तिच्या पायात दोरा घातलात? तिच्या पायात? ती काय मासा आहे सोलायला?"

मला राग आला. रागाच्या भरात जे या वहीत लिहिलं होतं ते सगळं तोंडातून गेलं. कोंबडीच्या पायांपासून.

तिनं आराला उचललं. दोरा काढला, पाय धुतला, पिशवी भरली. संध्याकाळच्या बसनं आराला घेऊन माहेरी जोंजूला गेली. थे-उक दारात उभा राहिला. मला म्हणाला, "आई, लिहायचं होतं फक्त."

९ जुलै

घर खायला उठतं. आराच्या पायाला पू झाला होता म्हणे. औषधानं उतरतोय. माझ्यामुळे. इथे लिहिते, कारण दुसरं कुणी ऐकायला नाही. मला वाटलं होतं मी तिला बरं वाटू दिलं.

बाजारात कुणाशी भांडावंसंही वाटत नाही. योंगदोवाली घाबरली. म्हणाली, "ताई, बरं वाटत नाही का? एखादी शिवी तरी दे." तिनं वाडगाभर माकोली, तांदळाची दारू, आणून दिली. बसून प्यायलो. पाय ठणकत होते, मी बूट काढून पाय पाण्यात सोडले. म्हणाली, "अगंबाई, तुझे तळवे बघ." म्हटलं, "हे तर दरवर्षीचं."

१३ जुलै

आज लिहिलंच पाहिजे.

डॉक्टर प्योनं सगळ्यांना बोलावलं होतं. अहवाल अजून अर्धाच आलाय, पण पाय बघायचा होता. दा-सोम जोंजूहून परस्पर आली. मला बघून मान लववली, परक्या बाईला लववतात तशी. आरानं मात्र दोन्ही हात पसरले. मी जागची हलले नाही. हात मांडीखाली दाबून बसले.

डॉक्टरनं पाय बघितला. "हा दोरा कुणी घातला होता?"

"मी."

"टोचणं बरोबर होतं, आजी. फोड फोडून पाणी काढावंच लागतं, नाहीतर पसरतो. पण सुई निर्जंतुक हवी, आणि दोरा आत ठेवायचा नाही. त्यावरून जंतू आत चढतात."

तिनं बरोबर म्हटलं तेवढ्यानं मला धीर आला. म्हटलं, "माझ्या आईनं जन्मभर असंच केलं. काही झालं नाही."

"आईनं कुणाला केलं?"

"मला."

"कधी?"

"कधी म्हणजे? दर उन्हाळ्यात."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "आणि तुमच्या आईला?"

"तिला तिचे वडील करायचे. ते रस्त्यानं चालले की मागे दोरे लोंबायचे म्हणे." हे सांगून मी हसले सुद्धा. दुसरं कुणी हसलं नाही.

"आणि थे-उक, तुम्हाला?"

माझा पोरगा खाली बघून म्हणाला, "आई करायची. फौजेत लांबच्या मार्चला गेलो तर तळवे सोलवटून निघाले, म्हणून मला शेवटी स्वयंपाकघरात घातलं. मला वाटलं, मी नाजूक आहे."

"मागच्या वेळी तुम्ही म्हणालात, घराण्यात कुणाला काही नाही."

"नाहीच!" मी म्हटलं. "हे दुखणं थोडंच आहे? हे बुटांचं आहे!"

तेवढ्यात दा-सोम बोलली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली. "आई. मोजे."

"मोज्यांचं काय?"

"तुम्ही मोजे उलटे का घालता?"

"सांगितलं ना, आमच्याकडे…" आणि मी तिथेच थांबले. भिंतीवरचा तो कागद मला आठवला. कपडे उलटे घालायचे, शिवण बाहेर. आजोबा म्हणायचे, नशिबाला टोचते. नशिबाला कुठली टोचायला! पायांना टोचत होती.

डॉक्टर म्हणाली, "आजी, जरा पाय दाखवता?"

मी मोजे काढले. तिनं माझा पाय सरळ आपल्या मांडीवर घेतला. मासळीचा वास येत असणार, लाज वाटली. ती तळव्यावरून हात फिरवत राहिली. जाड घट्टे, जुने फोड, नवे फोड. मग तिनं आराचा पाय शेजारी धरला. टाचेची तीच कड, फोडाची तीच जागा. एक म्हातारा पाय आणि एक लोण्यासारखा.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. माझा कळसा मोज्यात होता.

"म्हणजे माझ्यामुळेच," मी म्हटलं. "मासे नाहीत, कोंबडी नाही. मीच दिलं पोरीला."

"हो, बहुतेक तुमच्याकडूनच आलंय," डॉक्टर म्हणाली, आणि ही बया हसत होती! "आजी, तुम्ही किती वर्षं उभ्या आहात त्या टपरीवर?"

"लग्न झाल्यापासून."

"मार्केटात चालता? जिने चढता?"

"चढते म्हणजे? बर्फाच्या पेट्या घेऊन चढते. वार्षिक जत्रेत नाचते, योंगदोवालीपेक्षा बरी."

"बोटं आखडली कधी?"

मी दहाही बोटं तिच्या नाकासमोर नाचवली.

डॉक्टर दा-सोमकडे वळली. "अहवाल पूर्ण आला की पक्कं सांगेन. पण खोल दुखणं असं पिढ्यान्‌पिढ्या बाजारात उभं राहून नाचत नाही. हे त्या मधल्या धाग्यांचं दिसतंय, आणि त्यातलंही सौम्य. आरा मोठी झाल्यावर कशी होईल, असं तुम्ही मला विचारलं होतं ना? माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता हे समोर बसलंय, मोजे काढून."

दा-सोम माझ्याकडे बघत राहिली. मग उठली आणि आराला माझ्या मांडीवर ठेवलं. खाली हात घालून, नीट, कागदावर लिहिल्यासारखं. मी रडले. डॉक्टरपुढे, आवाज काढून रडले. आरानं माझं नाक धरलं.

१४ जुलै

सून घरी आलीय. सकाळी चहा देताना म्हणाली, "म्हणजे कोंबडीचे पाय नव्हते."

"नव्हते."

"मला ते फार आवडतात, आई."

म्हटलं, "मी रागात बोलले. त्या दिवशी जे तोंडातून गेलं ते परत घेता येत नाही, पण चुकलं माझं." हे आधी लिहिलं नव्हतं. थेट बोलले.

ती म्हणाली, "तुम्ही बोललात तेव्हा उलट बरं वाटलं. त्याआधी महिनाभर रोज तुमच्या चेहऱ्यावर वाचत होते."

घ्या! मग ही वही कशाला भरली मी?

संध्याकाळी येताना बाजारातून कोंबडीचे पाय आणले, सगळ्यात तिखट. दोघींनी बसून खाल्ले. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. बरे लागतात.

६ ऑगस्ट

अहवाल आला, माझ्या नि थे-उकच्या रक्ताचाही. केराटिनच आहे, कृतीत एक अक्षर चुकलंय, आरात, थे-उकमध्ये आणि माझ्यात अगदी तेच. सौम्य जात. खोल दुखणं नाही. मुळावर औषध अजून नाही, जगात ठिकठिकाणी शोधतायत. फोड येत राहणार, उन्हाळ्यात जास्त. पण पोर चालणार, धावणार, नाचणार.

थे-उक मला म्हणाला, "आई, म्हणजे मी नाजूक नव्हतो." केवढ्याशा तोंडानं म्हणाला! इतकी वर्षं मनात धरून बसला होता. म्हटलं, "नाजूकच आहेस, पण त्याचं कारण वेगळं." तरी दुपारभर शीळ घालत होता.

बुटांच्या दुकानदारांची माफी मागायची का? एकेकाला गाठून? नको. त्यांचे बूट वाईटच आहेत.

१८ ऑगस्ट

दा-सोमनं दवाखान्यातून शिकून घेतलंय सगळं. रोज सकाळी आराचे पाय बघते, पाकिटातली नवी सुई, दोरा नाही, वरची कातडी तशीच ठेवायची, मग मऊ पट्टी. आज आराचं झाल्यावर मला म्हणाली, "आई, आता तुमचे."

"माझे कशाला? मला सवय आहे."

"पाय इकडे करा."

मास्तरीणच ती, ऐकावंच लागलं. आई गेल्यापासून घरच्या कुणी माझ्या पायांना हात लावला नव्हता. मी बाहेर बघत बसले, काहीतरी बडबडत राहिले, भाज्यांचे भाव वगैरे. ती म्हणाली, "आई, गप्प बसा, हलताय." गप्प बसले.

आणि तिनं माझी झोळीही दुरुस्त केली. आतून रेशमी अस्तर, सगळ्या शिवणी बाहेर. आराला थोडा वेळ पाठीला बांधून बाजारात नेलं. एकेका टपरीवर थांबले. योंगदोवाली म्हणाली, "अगदी तुझ्यावर गेलीय गं!" म्हटलं, "तळपायापर्यंत."

कोमजांगोंची माफी मागायची सवय मात्र सुटत नाही. डॉक्टरनं निर्दोष म्हटलं असलं तरी शेवटी आपले भाऊबंद निघाले ते, धाग्याच्या नात्यानं.

५ ऑक्टोबर

आराचा पहिला वाढदिवस. तांदळाच्या पिठाचे लाल तोक, पांढरे तोक, फळांचे डोंगर. दा-सोमच्या माहेरचे जोंजूहून आले, डॉक्टर प्योसुद्धा आली, आज निळी क्लिप. आराचा रेशमी हानबोक मी शिवला, शिवणी बाहेर. विहीणबाई म्हणाल्या, "अय्या, उलटा घातलाय की काय?" आम्ही दोघी सासवा-सुना एकदम म्हणालो, "नाही, सुलटाच आहे."

मग मेजावर वस्तू मांडल्या. पोर जे उचलेल तसं तिचं नशीब. पुस्तक, कुंचला, तांदूळ, चेंडू, आणि दीर्घायुष्याची दोऱ्याची लड. ती लड मी गुपचूप अगदी पुढे सरकवली. थे-उकनं बघितलं. "आई, लबाडी!" "गप रे."

सगळे ओरडायला लागले, आरा, इकडे! आरा, पुस्तक घे! आरा, दोरा घे! ती गुडघ्यांवर पट्ट्या बांधून रांगत निघाली, मेजाजवळ गेली, सगळं एकदा नीट बघितलं आणि तोंड फिरवून सरळ माझ्याकडे आली. मी कोपऱ्यात पाय पसरून बसले होते. माझ्या मोज्याच्या बाहेर राहिलेल्या शिवणीला एक धागा लोंबत होता. तो तिनं चिमटीत धरला आणि ओढायला लागली. ओढते, ओढते, तो लांबतोय, तुटत नाही. खालचे वरचे मिळून चार दात दाखवून हसली.

एकच गिल्ला झाला. "हे धरायचं नाही! मेजावरचं उचललं पाहिजे!" विहीणबाई म्हणाल्या. "का नाही?" मी म्हटलं. "दोराच उचललाय ना? मेजावरचा विकतचा, हा घरचा!"

भांडण पेटणार, तेवढ्यात दा-सोम आली आणि आराला उचलायला माझ्याजवळ खाली बसली. म्हणाली, "दोराच उचललाय. झालं." मास्तरणीनं निकाल दिल्यावर सगळे गप्प.

बसताना तिचा घागरा जरा वर झाला. मला तिचे पाय दिसले. पांढरे नवे मोजे, आणि बोटांवरून गेलेली जाड शिवण बाहेर. तिला कशाला? तिच्या घराण्यात तर कुणालाच काही नाही. तिची कातडी कोऱ्या कापडासारखी आहे.

मी तिच्या कानाशी म्हटलं, "अगं, घाईत मोजे उलटे घातलेस."

ती आराच्या चिमटीतला धागा सोडवत होती. वर न बघता म्हणाली, "उलटे नाहीत, आई. आपल्याकडे असेच घालतात."